मुलापाशी कोण बसले आहे?

धान चुरण्याचे दिवस आहेत, दिवसभर खळ्यावर राबून तुम्ही रात्री भाषण ऐकायला बसलात, याचे आम्हाला अप्रूप वाटते. आम्ही कॉलेजात तीसपेक्षा जास्त वर्षे तत्त्वज्ञान शिकवले. तेव्हा पोरे यायची ती हजेरीसाठी. (हशा) इथे हजेरीपुस्तक दिसत नाही, तेव्हा जरा जपूनच बोलले पाहिजे.

विषय असा की मूल आजारी आहे, घरात पैसा नाही, आणि बाप किंवा आई गुन्हा करते. नाटकात, सिनेमात, कथेत ही गोष्ट पुन्हा पुन्हा येते. ती कशी सांगितली जाते आणि ती सांगताना कुठे चुकते, ते आम्हाला बघायचे आहे.

सुरुवात आपल्या झाडीपासूनच करू. वडसा इथून जवळ, म्हणजे झाडीपट्टी नाटकांचे माहेरघर तुमच्या शेजारी आहे. दिवाळीनंतर मंडई भरते, शंकरपट होतात, रात्री पडदा उघडतो तो पहाटे मिटतो. या रंगभूमीकडे पुण्या-मुंबईच्या समीक्षेने फारसे पाहिले नाही. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, तेव्हा कित्येकांनी झाडीपट्टी हा शब्दच पहिल्यांदा ऐकला. असो.

बऱ्याच वर्षांपूर्वी याच भागातल्या एका गावी आम्ही असेच तणशीवर घोंगडी अंगावर घेऊन बसलो होतो. दुसरा अंक. मूल तापाने फणफणलेले, डॉक्टर औषधाचे पैसे मागतो, सावकार दार लावून घेतो. बाप मध्यरात्री सावकाराचा वाडा फोडतो. पेटीवाला सूर ताणून धरतो, प्रकाश लाल होतो. बापाचे भाषण सुरू होते, की देवा, तू दगड आहेस, कायदा आंधळा आहे, वगैरे. आमच्या आजूबाजूला बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. आणि एकदम पुढच्या रांगेतून एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, “पोरापासी कोन बसला आहे जी?”

लोक हसले. नटही क्षणभर अडखळला, मग त्याने भाषण पुरे केले. आम्हीही हसलो. आमच्या हातात तेव्हा नवी कोरी डॉक्टरेट होती, तेव्हा हसणे आमचा हक्कच होता. पण समीक्षेचे एवढे नेमके वाक्य आम्ही नंतर पुष्कळ ग्रंथ चाळूनही क्वचित पाहिले. नाटककाराने आईला पहिल्याच अंकात मारून टाकले होते. म्हणजे बाप वाड्यात भाषण करत असताना ते तापलेले पोर झोपडीत एकटे होते. नाटककाराच्या हे ध्यानातही नव्हते. त्याला मूल हवे होते ते फक्त बापाला वाड्यापर्यंत पोचवण्यासाठी. एकदा बाप पोचला की पोराचे काम संपले.

आता आमच्या वर्गाकडे येतो. नीतिशास्त्र शिकवताना एक उदाहरण आम्ही दरवर्षी द्यायचो. लॉरेन्स कोलबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५८च्या आपल्या प्रबंधासाठी ते मुलांपुढे ठेवले होते. हाइन्झ नावाच्या माणसाची बायको कर्करोगाने मरायला टेकली आहे. गावातल्या औषधवाल्याने नवे औषध काढले आहे, पण तो बनवायच्या खर्चाच्या दहापट किंमत मागतो. हाइन्झ निम्मेच पैसे जमवू शकतो. औषधवाला ऐकत नाही. हाइन्झने चोरी करावी का? इथे बायको आहे, मूल नाही, पण गणित तेच. आम्ही फळ्यावर दोन रकाने पाडायचो. एकीकडे मालमत्तेचा हक्क, दुसरीकडे जीविताचा हक्क. पोरे हिरिरीने भांडायची. तास रंगायचा.

पुढे कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली पुस्तक लिहून या उदाहरणातली खोच दाखवली. त्यात अकरा वर्षांची एक मुलगी आहे. तिचे म्हणणे साधारण असे, की चोरी करू नये, पण बायकोला मरूही देऊ नये. कर्ज काढावे, औषधवाल्याशी नीट बोलावे. कारण चोरी करून हा तुरुंगात गेला आणि ती पुन्हा आजारी पडली तर? कोलबर्गच्या मोजपट्टीवर या पोरीला गुण कमी पडले, कारण तिने हक्कांचे गणित सोडवलेच नाही. आम्हीही परीक्षेत अशा उत्तराला पन्नासातले अठरा दिले असते. पण बघा, ही मुलगी आणि आपली तणशीवरची म्हातारी एकच गोष्ट विचारत आहेत. आजाऱ्यापाशी कोण राहील?

हा प्रश्न हाती धरून आपण काही गाजलेल्या गोष्टी तपासू.

२००२ सालचा ‘जॉन क्यू’ हा हॉलिवूडचा सिनेमा तुमच्यातल्या तरुणांनी पाहिला असेल. चार वर्षांनी ‘तथास्तु’ या नावाने संजय दत्तला घेऊन तो हिंदीतही आला. शिकागोचा एक कामगार, त्याचा मुलगा बेसबॉल खेळता खेळता कोसळतो. हृदय बदलावे लागेल. खर्च अडीच लाख डॉलर, त्यातले पंच्याहत्तर हजार आधी भरा. कारखान्याने त्याचे काम अर्धवेळ करून टाकलेले, विमा तोकडा पडतो. तो पिस्तूल घेऊन इस्पितळाचा तातडीचा विभाग ताब्यात घेतो, लोकांना ओलीस धरतो. मागणी एकच, मुलाचे नाव यादीत घाला.

डेन्झेल वॉशिंग्टनने काम जीव ओतून केले आहे, त्यात वाद नाही. पहिल्या अर्ध्या तासातली ती धावपळ, या खिडकीतून त्या खिडकीत, हा फॉर्म नाही तो आणा, हे आपल्यातल्या कोणालाही ओळखीचे वाटेल. तिथपर्यंत सिनेमा खरा आहे. पिस्तूल निघाले की तो सोपा होतो. पिस्तूल आत रिकामे असते, म्हणजे नायक मनाने स्वच्छ. बाहेर गर्दी टाळ्या वाजवते, म्हणजे प्रेक्षकाला काय वाटायला हवे तेही सांगून झाले. शेवटी बाप ठरवतो की आपणच मरायचे आणि आपले हृदय मुलाला द्यायचे. मुलाला जवळ आणवून तो त्याला आयुष्यभराचे सल्ले देतो. फक्त एक गोष्ट सांगत नाही, की तुझ्या छातीत मी माझे हृदय ठेवून जाणार आहे. मुलाला हे चालेल का? पुढची साठ वर्षे असे जगणे त्याला पेलेल का? विचारायचे कोणाच्या मनातही येत नाही. आणि दिग्दर्शकाला उत्तर द्यावेच लागत नाही, कारण सिनेमाच्या पहिल्याच दृश्यात अपघातात गेलेल्या एका बाईचे हृदय नेमके जुळते. खटल्यात ज्युरी त्याला खुनाच्या प्रयत्नातून सोडते आणि अपहरणासाठी दोषी ठरवते. सगळ्यांचे समाधान. विमा कंपनी आहे तिथेच.

‘जॉन क्यू’ वाईट नाही. राग खरा आहे, पण तो राग शेवटी एका बापाच्या मोठेपणात विरघळतो, ही आमची तक्रार.

आता अण्णा भाऊ साठ्यांची ‘स्मशानातील सोनं’ घ्या. तिथे मूल आजारी नाही, भुकेले आहे. वारणेकाठचा भीमा मुंबईत खाणीवर दगड फोडतो. खाण बंद पडते. घरी बायको आणि लाडकी लेक. एके दिवशी त्याला राखेत सोन्याची अंगठी सापडते आणि तो मढी उकरू लागतो. जिवंत माणसाला त्याने हात लावलेला नाही. तरी हा गुन्हाच आहे, आणि लेखक तो झाकत नाही. त्या रात्रीच्या कोल्ह्यांचे वर्णन वाचून आजही अंगावर काटा येतो. शेवटी प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात आणि तो ती गमावतो. आणि त्याच दिवशी बातमी येते की खाण पुन्हा सुरू होणार आहे. दगड फोडणारा हात निकामी झाल्यावर.

अण्णा भाऊंनी इथे एकही भाषण दिलेले नाही. देवाला दगड म्हटलेले नाही. फक्त खाण उघडली. भीमाने कुठे चूक केली, असे विचारायला जावे तर उत्तर निघते की त्याने चार दिवस थांबायला हवे होते. आणि हे चार दिवस लेकीला काय घालायचे, हे खाणवाल्याने सांगायला हवे होते. आमच्या मते या विषयावर मराठीत यापेक्षा कठोर शेवट नाही.

कायद्याबद्दल दोन वाक्ये बोलतो, कारण भाषणानंतर वकील मंडळी गाठतातच. मोठी हानी टाळण्यासाठी, दुष्ट हेतूशिवाय, सद्भावाने केलेली हानी गुन्हा नाही, असे कलम आपल्याकडे आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेत ते ८१ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत १९ आहे. त्यात उदाहरणे दिली आहेत जहाजाच्या कप्तानाची आणि आग पसरू नये म्हणून घरे पाडणाऱ्याची. आजारी मुलाच्या बापाचे उदाहरण त्यात नाही. न्यायाधीश शिक्षा देताना परिस्थिती बघू शकतो, तो भाग वेगळा.

आपल्या परंपरेत या प्रश्नाला दोन बाप सामोरे जातात. एक हरिश्चंद्र. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली पहिला चित्रपट काढला तो याच कथेवर, आणि आमच्या लहानपणी ही कथा गावोगाव रात्र रात्र चालायची. रोहिदासाला साप चावतो, तारामती प्रेत घेऊन मसणात येते, आणि कर वसूल करायला उभा कोण, तर बाप. तो कर सोडत नाही. नियम पाळायचा म्हणजे किती, याची ही परिसीमा. आम्हाला ही कथा लहानपणी थोर वाटायची. आता भीती वाटते. सत्यनिष्ठा एवढी स्वच्छ झाली की तिला मुलाचे प्रेतही दिसेनासे होते.

दुसरा बाप वाल्या कोळी. आपण त्याला बाप म्हणून कधी पाहतच नाही, पण तो घर चालवण्यासाठी वाट मारतो. नारद विचारतात, या पापात तुझी माणसे वाटेकरी आहेत का, जा, विचारून ये. वाल्या घरी जातो, विचारतो. बायको-मुले म्हणतात, पोसणे तुझे काम. कसे पोसतोस ते तुझे तू बघ. कीर्तनात हा प्रसंग नेहमी एका सुरात सांगतात: बघा, माणसे कशी स्वार्थी. आम्हाला आता तसे वाटत नाही. मुले खरेच बोलली. त्यांनी काही बापाला वाट मारायला पाठवले नव्हते. आणि वाल्याचे मोठेपण ‘मरा मरा’ म्हणण्याच्या आधीच सुरू झाले आहे, तो विचारायला घरी गेला तेव्हा. वर सांगितलेल्या गोष्टींतला कोणता बाप विचारायला घरी जातो? वाडा फोडणारा गेला नाही. जॉन गेला नाही. सात रांजण भरेपर्यंत वाल्यानेही उशीरच केला, पण गेला.

विचारणारी एक गोष्ट मराठीत आहे. संदीप सावंत यांचा ‘श्वास’. २००४ साली राष्ट्रीय पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट चित्रपट जाहीर झाला, ऑस्करसाठी भारतातर्फे गेला. तेव्हा त्याचे इतके कौतुक झाले की नंतर कोणी त्याच्याबद्दल विचार करेनासे झाले. कोकणातले एक आजोबा नातवाला शहरातल्या इस्पितळात आणतात. डोळ्याचा कर्करोग. ऑपरेशन केले तर मूल वाचेल, पण दोन्ही डोळे जातील. पोराला हे सांगितल्याशिवाय ऑपरेशन करायचे नाही, असे डॉक्टर धरून बसतो, आणि सांगणार कोण यावर घोडे अडते. मग आजोबा न विचारता, न सांगता पोराला वॉर्डातून उचलून नेतात. इस्पितळात गोंधळ, शोधाशोध. कागदावर हे बेजबाबदार कृत्य आहे, नियमांचा भंग तर आहेच. आजोबा पोराला दिवसभर शहर दाखवतात. रंग, माणसे, गर्दी. आणि संध्याकाळी परत आणतात.

हा भंग जीव वाचवण्यासाठी नाही. जीव ऑपरेशनने वाचणारच आहे. पण साऱ्या व्यवस्थेला त्या मुलात एक केस दिसत होती, आणि आजोबांना उद्या आंधळा होणारा परशा दिसत होता. अरुण नलावडे यांनी तो म्हातारा असा केला आहे की त्याच्या चेहऱ्यावर बंडखोरीचा लवलेश नाही. पोराचा हात धरून तो चालतो, बस्. या गोष्टीत नियम मोडतानाही आजाऱ्यापाशी माणूस बसलेला आहे. त्या म्हातारीने ‘श्वास’ पाहिला असता तर ती गप्प राहिली असती, असे आम्हाला वाटते.

एक तक्रार मात्र सगळ्याच गोष्टींबद्दल आहे, ‘श्वास’सुद्धा त्यात आला. या गोष्टींना एक रात्र लागते आणि एक मोठी घटना लागते. एक ऑपरेशन, एक रक्कम, एक मुदत. आपल्या पूर्व विदर्भात घरोघर माहीत असलेला आजार कोणता? सिकलसेल. त्यात अशी एक रात्र नसते. दुखणे उठते, पोर विव्हळते, सलाईन लागते, रक्त लागते, चार दिवसांनी घरी. पुढच्या महिन्यात पुन्हा. बाप वाडा फोडून आणणार काय, आणि किती वेळा? तो मजुरी बुडवतो, बिनतिकिटाचा प्रवास करतो, एकाच धानावर दोघांकडून उचल घेतो. असल्या बारीकसारीक गुन्ह्यांवर नाटक होत नाही. पेटीवाला सूर कुठे ताणणार? (हशा)

बारीक गुन्ह्याचा विषय निघालाच, तर एक गोष्ट सांगितली पाहिजे. ती आमच्या कमीपणाची आहे. दहा-बारा वर्षांपूर्वी आमचा एक जुना विद्यार्थी घरी आला. नाव-गाव सांगत नाही. लहानशी नोकरी, म्हणून घरात पांढरे रेशनकार्ड. धाकट्या भावाकडे शेती आणि केशरी कार्ड. विद्यार्थ्याच्या आठ वर्षांच्या मुलीच्या हृदयाला छिद्र होते. सरकारी योजनेत ऑपरेशन फुकट होणार, पण ते पिवळ्या-केशरी कार्डाला. भावाची मुलगी याच वयाची. तर यांनी आपल्या मुलीला पुतणीच्या नावाने दाखल केले. ऑपरेशन झाले, मुलगी बरी झाली. आणि हा आमच्यापुढे बसून विचारत होता, “सर, हा गुन्हा झाला का?”

आम्ही त्याला कांट सांगितला. १७९७ सालचा निबंध, दारात खुनी उभा असला तरी खोटे बोलू नये, तो. मग त्याच्यावरचे आक्षेप सांगितले. मग हाइन्झ सांगितला, जो त्याने आमच्याच वर्गात ऐकला होता. तासभर बोललो. त्याने चहा घेतला, नमस्कार केला आणि गेला. आम्हाला वाटले, चर्चा चांगली झाली.

पुढे २०२३ साली राज्याने ती आरोग्य योजना सगळ्या रेशनकार्डधारकांना लागू करायचा निर्णय घेतला. पांढरे कार्डही आले. ज्यासाठी त्याने खोटे नाव लावले, ते खोटे आता लावावेच लागले नसते. निर्णय चांगला आहे, उशिरा का होईना झाला. पण आम्हाला बातमी वाचताना भीमाची खाण आठवली.

मग आम्ही त्याला फोन केला आणि या वेळी तत्त्वज्ञान बाजूला ठेवून म्हातारीचा प्रश्न विचारला. इस्पितळात मुलीपाशी कोण बसले होते?

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “सर, कागदावर आई म्हणून वहिनीचे नाव होते ना. भावाची बायको, पण आम्ही तिला वहिनीच म्हणतो. आत एकालाच सोडायचे. म्हणून ती बसली. हिची आई बाहेर पायरीवर. अकरा दिवस.” आणि मुलगी? मुलीला आधीच पढवून ठेवले होते. नर्सने पुतणीच्या नावाने हाक मारली की ओ द्यायची, आणि बाबा दिसले तर काका म्हणायचे. ऑपरेशनला आत नेताना तिने बापाकडे बघून काका अशी हाक मारली. नीट मारली, चुकली नाही. तो म्हणाला, ते एक सोडून बाकी सगळ्याचे उत्तर मला तुमच्या कांटमध्ये सापडले, सर.

मुलगी आता कॉलेजात आहे. तिच्या ऑपरेशनची फाइल चुलत बहिणीच्या नावावर आहे, आणि चुलत बहिणीच्या हृदयाला कधीच काही झालेले नाही. तपासणीला जायचे तर कोणाच्या नावाने जायचे, हा प्रश्न त्या घरात दरवर्षी निघतो. तो सोडवायला काय कागद लागतील, हे इथल्या वकील मंडळींपैकी कोणाला सांगता आले तर भाषणानंतर जरा थांबा. आम्हाला ते त्याला कळवायचे आहे.

चिठ्ठ्या पुष्कळ आलेल्या दिसतात. घेऊ या.